भजीवाल्याकडं ठेवलेला पासवर्ड

हसा तुम्ही, पण त्या दिवशी माझं मंचरमध्ये तोंड दाखवणं बंद झालं व्हतं राव. पुण्यात कॉम्प्युटर सिक्युरिटीची डिग्री करत व्हतो. सुट्टीत आलो, तर मामांच्या सायबर कॅफेचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार! मी लई भाषण ठोकलं आणि अवघड पासवर्ड टाकून दिला. म्हणालो, "मामा, ह्यो कुणाला सांगायचा न्हाई."

"छे, कुणाला सांगतोय!"

दुसऱ्या दिवशी मामा जेवायला घरी गेले. कॅफे चालूच ठेवून जाताना शटरची किल्ली समोरच्या भजीवाल्या अण्णाकडं ठेवायची त्यांची सवय. तसा पासवर्डपण ठेवून गेले. मी तिथंच चहा पीत बसलेलो. शेजारी वैशालीचे वडील, कांदा विकून आलेले. वैशाली म्हणजे शाळेत माझ्या वर्गात व्हती ती. तेवढ्यात हायवेच्या पलीकडून, कॅफेच्या दारातनं एक गिऱ्हाईक ओरडलं, "अण्णा, लाईट जाऊन आली! मशीन पासवर्ड मागतंय!"

ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवून अण्णा बोंबलला, "वैशाली माझीच! सगळं जोडून लिही! 'च' विसरू नको, आन् शेवटी डॉलरची खूण!"

वैशालीच्या वडलांनी कप खाली ठेवला.

"कुणी टाकलाय ह्यो पासवर्ड?"

अण्णानं कौतुकानं झारा माझ्याकडं केला. "ह्या आमच्या पावण्यानं! गुपितं कशी राखायची, त्याचीच डिग्री करतोय पुण्याला."