आमच्या ह्यांचे सुधारलेले संबंध

नाही, मी म्हणते, विद्यार्थी रडत होते तर रडू द्यायचे ना... पण नाही, ह्यांना संबंध सुधारायचे होते! निवृत्तीला आलेला माणूस, आता कसले संबंध सुधारतोय? बसा, तुम्ही आलाच आहात तर ऐका. आमचे हे म्हणजे अर्थशास्त्राचे गाईड, पीएचडीच्या पोरांना मार्गदर्शन करणारे. आणि मार्गदर्शन म्हणजे काय हो, तर पोरानं वर्षभर खपून लिहिलेलं प्रकरण हातात घ्यायचं, लाल पेन काढायचं आणि शांतपणे विचारायचं, 'हे आपण जागेपणी लिहिलंत का?' इथेच, कर्वेनगरात, ह्याच हॉलमध्ये! मी आत पोहे परतत असायची, बाहेरून नाक ओढल्याचा आवाज आला की समजायचं, प्रकरण तपासून झालं, आता ताटल्या न्यायला हरकत नाही. पण तुम्हाला सांगते, जो रडत जायचा तो डॉक्टर होऊन परत यायचा. पेढे माझ्या हातात द्यायचा, ह्यांना लांबूनच नमस्कार करायचा आणि चपला हातात घेऊन पळायचा. संबंध वाईट, पेढे चांगले. काय बिघडलं होतं?

पण कुणीतरी तक्रार केली. झालं, ह्यांच्या संस्थेनं कार्यशाळा ठेवली, गाईड आणि विद्यार्थी यांचे संबंध कसे सुधारावेत! शिकवायला कोण, तर उल्का नावाची एक मुलगी, ह्यांच्या निम्म्या वयाची. सगळ्या प्राध्यापकांना गोल करून बसवलं म्हणे आणि सांगितलं, 'सर, आधी कनेक्ट व्हा, करेक्ट नंतर करा. वीकली स्टुडंटसोबत चहा घ्या, आणि तेव्हा कामाचं काही बोलायचं नाही, ओके?' आता ह्यांचा स्वभाव कसा आहे, एखादी गोष्ट करायची नाही म्हणजे नाही, आणि करायला घेतली की पाणी लागेपर्यंत खणायचं.

आणि ह्या खणण्यात सापडला कोण, तर बिचारा संपत. लोणी काळभोरचा शेतकऱ्याचा मुलगा, पस्तिशीला आलेला, एका कॉलेजात तासांवर शिकवणारा... म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की उपास. पीएचडी झाली की नोकरी कायम होणार, लग्न त्यावर अडलेलं, आणि पीएचडीची मुदत वाढवून वाढवून आता पुढे वाढायची नाही. विषय त्याचा, मार्केट यार्डात भाजीचे भाव कसे ठरतात.

पहिल्या चहाला दोघं भिंतीकडे बघत बसले हो! ह्यांनी विचारलं, 'पाऊस कसा आहे तुमच्याकडे?' तो म्हणाला, 'बरा हाय सर.' संपलं कनेक्ट. मलाच कीव आली, बिस्किटं नेऊन ठेवली. पण पुढे रुळले... इतके रुळले की दुपारचा चहा रात्रीच्या जेवणाला जाऊन टेकायला लागला. हे लोणीला जाऊन आले. त्याच्या आईनं, सोजरबाईनं, ह्यांच्यापुढे पदर पसरला, 'सर, पोरगं तुमच्या ओटीत घातलंय, आता मारा नायतर तारा.' ह्यांचे डोळे भरले, ज्यांनी इतक्यांना रडवलं त्यांचे! मग संपतचे मामा, दत्तोबा, यार्डात त्यांचा भाजीचा गाळा, त्यांच्याकडून आमच्याकडे भाजी यायला लागली. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमचा मुलगा अमेरिकेतून व्हिडिओवर हात हलवत होता आणि इथे स्ट्रेचर संपत ढकलत होता. खोटं कशाला बोलू, मलाही तो पोटच्या पोरासारखाच वाटायला लागला. संबंध मात्र फार चांगले झाले हो.

आणि एक दिवस जेवताना हे म्हणाले, 'अगं, संपतनं घोळ केलाय.' म्हटलं, काय? तर म्हणे, तिसऱ्या प्रकरणातले झाडून सगळे आकडे दत्तोबामामांच्या गाळ्यावरचे! यार्डात शेकडो गाळे, आणि ह्याचा अख्खा प्रबंध एका मामावर उभा. म्हटलं, मग सांगा की त्याला, अजून मुदत आहे. तर हा माणूस, पेनानं पोरं सोलणारा माणूस, मला म्हणतो, 'कसं सांगू? मामांनी परवाच फ्लॉवर पाठवलाय.' आणि तोच फ्लॉवर आम्ही खात होतो! प्रकरणावर ह्यांनी काय लिहिलं असेल? 'छान.' तेही पेन्सिलीनं.

बरं, पोरगं काही बावळट नव्हतं. गॅलरीत मला हळूच म्हणाला, 'काकू, तिसरं प्रकरण मला जरा खटकतंय. पण सरांनी छान लिवलंय. आता परत कसं विचारू? सरांना वाटंल, ह्याचा आपल्यावर भरवसा नाय.' मी ह्यांना जाऊन सांगितलं, तर म्हणे, 'बघू, पुढच्या चहाला बोलतो.' कसले बोलतात! चहाला कामाचं बोलायचं नाही ना... संबंध चांगले ना!

मग आली समिती, प्रबंध दाखल करायच्या आधी तपासणारी. त्यातल्या नीरजाबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, एका गाळ्यावरून अख्ख्या यार्डाचं कसं बोलता? आणि संपत म्हणाला, 'मॅडम, सरांनी पाहिलंय.' म्हणाला आणि वळून ह्यांच्याकडे बघत राहिला. भरवशानं. आणि हे? खाली बघत बसले. हे मला ह्यांनीच सांगितलं, घरी आल्यावर, बूट न काढता सोफ्यावर बसून.

आकडे नव्यानं गोळा करायला वर्ष हवं, मुदत कुठली उरायला? नोंदणी रद्द. कॉलेजनं जूनमध्ये त्याच्या जागी दुसरा घेतला, पीएचडी झालेला. कोण माहीत आहे? ह्यांचाच जुना विद्यार्थी. इथूनच रडत गेलेला.

परवा संपत आला होता. मला वाटलं, आता भांडेल. मी तर म्हटलं, भांड बाबा, मोकळा हो. पण तो उलट ह्यांचीच समजूत काढत बसला, 'सर, मनाला लावून घेऊ नका.' निघताना दारात थांबला. 'सर, एक विचारू? तुम्हाला ते आधी दिसलं नव्हतं ना?'

मी चहाचे कप उचलत होते, तिथेच थांबले. हे म्हणाले, 'नाही रे. माझ्याही नजरेतून सुटलं.'

तुम्हाला सांगते, पोराचा चेहरा एकदम सैल झाला. 'मग ठीक हाय सर. तुम्हालाच दिसलं नाय, तर मला कुठनं दिसणार?' वाकून नमस्कार केला आणि गेला.

दार लावलं आणि म्हटलं, अहो, खोटं का बोललात? निदान शेवटी तरी खरं सांगायचंत. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, 'खरं सांगितलं असतं तर संबंध बिघडले असते.'

मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं... पीएचडी राहिली, नोकरी राहिली, लग्न राहिलं, त्याचे संबंध तेवढे पूर्ण झालेत.