कलिंगड आपलंच समजा

...आणि हे सगळं कशामुळे झालं, तर म्हणे मी बोलले म्हणून. मी! जी वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते, आणि बाईंनी 'तरलान आलीय का?' असं दोनदा विचारलं की शेजारची मुलगी माझ्या वतीनं सांगते, आलीय, ही काय... त्या माझ्यामुळे म्हणे यावरमामाच्या लग्नात एवढी माणसं वाढली. बरं, मी काय बोलले ते सांगतेच, पण आधी बाबा काय काय बोलले ते ऐका, आणि मग तुम्हीच ठरवा.

तुम्हाला सांगते, वर्षातली सगळ्यात लांब रात्र, यल्दाची रात्र, त्या रात्री सगळ्यांनी एकत्र बसायचं, डाळिंबं सोलायची, कलिंगड कापायचं, इथवर ठीक आहे. पण आम्ही राहतो तेहरानला, आईचं माहेर तब्रीझला, आणि नेमकं त्याच दिवशी अर्ध्या तेहरानला तब्रीझ आठवतं. त्यात यंदा यावरमामाचा साखरपुडा झालेला. साखरपुड्यानंतरच्या पहिल्या यल्दाला मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी सजवलेलं कलिंगड न्यायचं असतं, आणि मामाला ना आई, ना वडील. म्हणजे मुलाकडचे कोण, तर आम्ही तिघं. होणाऱ्या मामीची आई रुखसारे खानम, तिनं फोनवर आईला विचारलं होतं, 'आमच्याकडे तर घर भरून पाहुणे आहेत हो. तुमच्याकडून कोण कोण येणार?... असं का. तिघंच.' ते 'असं का' आईच्या इतकं जिव्हारी लागलं की ती भाजीवाल्याकडे गेली आणि त्याची सगळी कलिंगडं एकेक कानाशी धरून वाजवून आली. मग निवडलेल्या त्या एकाला लाल साटीनचा झगा, झग्याला मोती, डोक्यावर पांढरी जाळी... असं नटलं ते, की मला वाटलं आता यालाच स्थळं येणार.

'माणसं कमी आहेत ना आपली,' आई म्हणाली, 'मग वस्तू अशी न्यायची की त्या बाईची बोलती बंद झाली पाहिजे.' आणि निघताना बाबांना दम भरला, 'आज कोणाला काही देऊ नका, कोणाला पुढे जाऊ देऊ नका, कोणाला घरी बोलावू नका.' बाबा म्हणाले, 'अगं, मी कधी असं करतो?' मी काही बोलले नाही.

आता आपल्याकडे रीत आहे, मला मान्य आहे. कोणी आपली वस्तू छान म्हटली की आपण म्हणायचं 'आपलीच समजा', समोरच्यानं तीनदा 'नको, नको' म्हणायचं, आणि दोघांनी सुटायचं. सगळेच करतात. पण लोक ते तोंडानं करतात, बाबा मनापासून करतात! टॅक्सीवाला भाडं घेताना नेहमीसारखं म्हणाला, 'राहू द्या आगा, आपल्याकडून काय घ्यायचं,' तर माणसानं पैसे हातात द्यावेत आणि उतरावं की नाही? बाबांनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली, मुलाबाळांची केली, मग घ्या-नको, घ्या-नको... मागे गाड्यांचे भोंगे. तिथून विमानतळाच्या दारात. समोरून तपकिरी टोपीवाले एक गृहस्थ आले. बाबा म्हणाले, 'आधी आपण.' ते म्हणाले, 'छे, छे, आधी आपण.' दार आपोआप उघडणारं, ते उघडतंय, मिटतंय, उघडतंय, मिटतंय... शेवटी त्या दारालाच दया आली असावी, ते उघडंच राहिलं आणि बर्फाचा वारा थेट आत. आई म्हणाली, 'अहो, विमान सुटेल.' तर बाबा काय म्हणाले असतील? 'वर्षातली सगळ्यात लांब रात्र आहे, घाई कशाला?'

मी काही बोलले नाही.

बायकांच्या तपासणीच्या पडद्याआड एक जाडजूड बाई बसलेली, डोळ्यांत झोप. तिनं जाळी उचलली आणि विचारलं, 'यात काय आहे?'

आई म्हणाली, 'कलिंगड.'

'ते दिसतंय मला. कलिंगडात काय आहे?'

'बिया,' आई म्हणाली. म्हणजे तिला खरंच दुसरं काही सुचलं नसणार, पण त्या बाईनं झगा सोडायला घेतला. आईचा चेहरा असा झाला, जणू भर मांडवात नवरीचे दागिने उतरवतायत. तशी ती बाई थबकली. 'सोयरिकीचं आहे का?' आईनं मान हलवली. 'मग आधी नाही सांगायचं? जा, जा. मोती सांभाळा, खाली सुटतायत.' इतकं चांगलं वागलं कोणी तर डोळ्यांत पाणीच येतं हो. पण तिकडे पडद्यापलीकडे बाबा होते.

धुक्यामुळे विमान उशिरा, मग आणखी उशिरा. यावरमामाचा फोनवर फोन. मामाचा आवाज असा, की रडतोय की विचारतोय कळत नाही, 'ताई, निघालात? ताई, तिकडे रुखसारे खानम सारख्या दाराकडे बघत असतील... ताई, कलिंगड नीट आहे ना? ते नसेल तर मी आत कुठल्या तोंडानं जाऊ?' आई म्हणतेय, 'आहे रे, मांडीवर आहे माझ्या.' आणि मांडीवर नव्हतंच ते. आई फोनवर बोलायला उठली तेव्हा तिनं ते बाबांच्या मांडीवर ठेवलं होतं. बाबांच्या!

आणि समोर बद्री खानम, म्हणजे नाव नंतर कळलं. पांढरेशुभ्र केस, रुमालातून निसटलेले, पायात जाडे परदेशी बूट. म्हणाली, 'किती सुंदर सजवलंय हो!'

बाबा म्हणाले, 'आपलंच समजा.'

'नको, नको.'

'असं कसं? घ्याच.'

'नाही हो, खरंच नको.'

इथवर माझ्या जिवात जीव होता. आणखी एक 'नको' आलं की सुटलो. बाबांनी ते कलिंगड दोन्ही हातांनी उचललं, पुढे केलं आणि म्हणाले, 'माझी शपथ आहे आपल्याला.' आणि बद्री खानमचे डोळे भरून आले. ती म्हणाली, 'तुम्ही इतकं म्हणताय, तर घेते.'

घेते!

तीस वर्षं स्वीडनमध्ये होती हो ती. तिकडे म्हणे कोणी 'घ्या' म्हटलं की घ्यायचं असतं आणि कोणी 'नको' म्हटलं की खरंच नको असतं. कसे जगत असतील देव जाणे. आई फोन संपवून आली, तिनं बाबांचे रिकामे हात पाहिले, पलीकडच्या मांडीवरचं कलिंगड पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती माझ्या कानात म्हणाली, 'भीड भिकेची बहीण, म्हणतात ना? मी तर तिच्याशी लग्न करून बसलेय.' मग म्हणाली, 'तू जा. तू लहान आहेस, मागितलंस तर चालेल. जाऊन सांग, चुकून दिलं म्हणून.'

मी! तुम्हीच सांगा, मी?

विमानात बाबांनी आमच्या तीन जागा एका नव्या जोडप्याला आणि त्यांच्या काकूला देऊन टाकल्या, त्यामुळे आम्ही तिघं तीन दिशांना, आणि मी नेमकी बद्री खानमच्या शेजारी. कलिंगड तिच्या मांडीवर, दोघांना मिळून एकच पट्टा. मी मनात वाक्य तयार करत होते, 'खानम, माफ करा, हे माझ्या मामाच्या...' आणि ती बोलायला लागली. धाकट्या बहिणीकडे निघाली होती, नाताळची सुट्टी काढून, किती वर्षांनी. बहिणीसाठी आणलेलं सगळं सामान वाटेत हरवलं. 'मी रडतच बसले होते बघ,' ती म्हणाली, 'की यल्दाच्या दिवशी रिकाम्या हातांनी बहिणीच्या दारात कशी उभी राहू. आणि तेवढ्यात तुझे बाबा. अशी माणसं अजून आहेत गं.' आणि तिनं कलिंगडाची जाळी सारखी केली.

आता कसं मागणार? मागे वळले, तर चार रांगांमागून आई मला भुवयांनी ढकलतेय. पुढे बघितलं तर बद्री खानम. मी तोंड उघडलं. म्हटलं, 'खानम, ते कलिंगड...'

'काय गं बाळा?'

आणि माझ्या तोंडून काय निघावं? 'तुम्ही पण या ना आज आमच्याकडे. बहिणीलाही घेऊन या.'

कुठून आलं ते? शाळेत शिकवलेलं नाही, आईनं शिकवलेलं नाही. रक्तातून आलं, दुसरं काय. मी तीन 'नको'ची वाट बघत बसले. एकसुद्धा आलं नाही.

'येते की,' बद्री खानम म्हणाली. 'पत्ता सांग. आणि रिकाम्या हातांनी थोडीच येईन? हे कलिंगड आणते!'

पत्ता सांगितला मी. रुखसारे खानमच्या घरचा.

आता ते दार डोळ्यांपुढे आणा. आम्ही तिघं, मामा चौथा, हात रिकामे. रुखसारे खानमनं आधी चेहरे पाहिले, मग हात पाहिले, मग आमच्या मागे गल्लीत डोकावून पाहिलं. 'या, या,' ती म्हणाली, 'तिघंच ना. बसा.' आत भिंतीला लागून तिच्याकडचे पाहुणे, मधे डाळिंबं, सुकामेवा, आणि कलिंगडासाठी मोकळी ठेवलेली मोठी परात. मामा त्या परातीकडे बघत होता, आयलार, म्हणजे होणारी मामी, मामाकडे बघत होती, आई जमिनीकडे. आईला मी कधी अशी मान खाली घातलेली पाहिली नाही. घशापर्यंत आलं होतं माझ्या, की ती येतेय, कलिंगड येतंय... पण नाही आली तर? मी काही बोलले नाही.

आणि घंटी वाजली.

पुढे बद्री खानम, हातांत कलिंगड, झगा, मोती, जाळी, सगळं जसंच्या तसं. मागे तिची बहीण. बहिणीचे यजमान. मुलगे, सुना, जावई, नातवंडं, कडेवरचं एक बाळ, आणि काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ, ते कोणाचे हे अजून कळलेलं नाही. गल्लीपर्यंत रांग. रुखसारे खानमच्या हातातलं डाळिंब तसंच राहिलं. 'हे... हे सगळे मुलाकडचे?'

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

'म्हणजे काय,' बद्री खानम म्हणाली, 'या मुलीनं बोलावलं, आम्ही हिच्याकडचेच,' आणि परातीत कलिंगड ठेवून थेट वरच्या, मानाच्या गादीवर जाऊन बसली. रुखसारे खानमची बोलती अशी बंद झाली की, पुलाव संपला तरी ती 'घ्या ना, घ्या ना' एवढंच म्हणत होती, आणि बद्री खानम प्रत्येक वेळी घेत होती. मामानं कलिंगड कापलं, लालबुंद निघालं, आयलार हसली, आणि आईनं मान वर केली ती रात्रभर खाली नाही केली.

आता लग्न वसंतात आहे. बद्री खानमकडची सगळी मंडळी मुलाकडून येणार, म्हाताऱ्या गृहस्थांसकट. आणि तीच रुखसारे खानम आता फोनवर म्हणते, 'तुमच्याकडची माणसं फारच झाली हो.' आई म्हणते, हे सगळं तरलान बोलली म्हणून. बाबा म्हणतात, 'पोरगी बोलत नाही म्हणतात, पण बोलली की माझ्यासारखी बोलते.'

मी तेव्हाच ठरवलं, आता पुन्हा तोंड उघडायचं नाही. परवाच जिन्यात शेजारच्या बाईंनी माझी नवी लोकरी टोपी बघून म्हटलं, 'किती छान आहे गं.' मी काही बोलले नाही, शपथ घेऊन सांगते...

पण मागे बाबा उभे होते. म्हणून हा आईचा रुमाल बांधलाय कानांना.