सवय झालेलं यंत्र

...आणि वर लेक फोनवर हसतो हो! तुम्हाला सांगते, दुपारी मी घरात एकटी, शिवणयंत्रावर बसलेली, हे निवृत्त झाल्यापासून वाचनालयात पडीक, म्हणून लेकानं दारावर ते माणसं ओळखणारं, कॅमेऱ्याचं बोलकं यंत्र बसवलं, तर पहिल्याच दिवशी हे केस कापून आले आणि यंत्र किंचाळलं, "अनोळखी व्यक्ती! अनोळखी व्यक्ती!" हे बाहेरून ओरडतायत, "अगं, मी आहे, मी!" आणि मी आत कात्री घेऊन उभी! लेक म्हणतो, "शिकतंय ते, आई!"

बरं, शिकू दे. मग समोरच्या भिंतीशी रोज दुपारी तो टोपीवाला येऊन उभा राहायला लागला. उंच, गप्प, नजर आमच्या दाराकडे! पहिल्या दिवशी यंत्रानं घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी एकदाच ओरडलं. पुढे नुसतं खाकरल्यासारखं... आणि मग चिडीचूप! तो तिथंच, आणि यंत्र गप्प! लेकाला फोन लावला. "अरे, बिघडलं का?" "नाही गं. रोज दिसतो ना, मग तो असणारच हे ते धरून चालतं. अपेक्षेबाहेर काही झालं तरच दचकतं. शिकतंय ते!" म्हणजे चोरानं चार दिवस धीर धरला की तो घरचाच? आणि खरी भीती तर पुढेच... मी बाही जोडता जोडता मान वर करायची, टोपी दिसली की पुन्हा खाली. अहो, मीही शिकत होते!

आणि एक दिवस यंत्र ओरडलं, "नेहमीची व्यक्ती दिसत नाही!" धावत खिडकीशी गेले, भिंत रिकामी! तिथं नाही, मग कुठंय? घरात? कात्री घेऊन पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, बाथरूमचं दार तर पायानं ढकललं! संध्याकाळी हे चौकशी करून आले. "अगं, आपल्या शेजारच्या हाडांच्या डॉक्टरकडे त्याची बायको यायची. बरी झाली ती." बरी झाली, छान झालं, पण माझं काय? ती रिकामी भिंत बघवेना, टाका सरळ पडेना!

शेवटी काय करणार? रोज दुपारी ह्यांनाच टोपी घालून तिथं उभं करते. वाचायचं तर उभ्यानं वाचा! यंत्र गप्प, मी गप्प. घरी येताना हे टोपी काढतात, तेवढीच भानगड... "अनोळखी व्यक्ती!" आणि खरं सांगू? माझाही हात आधी कात्रीकडेच जातो. शिकतेय मी!