उडालेल्या रंगाची पाटी

सेलूच्या फ्लेक्सवाल्याकडं मी नातवाच्या बारशाचं बॅनर घ्यायला बसले होते. माझ्या पुढं भुजंगआबा आणि त्यांची नात राजेश्री. तिच्या नव्या गादीघराची पाटी कॉम्प्युटरवर दिसत होती. जाडजूड इंग्रजी अक्षरं, पायात चौकोनी बूट घातल्यासारखी, आणि रंग जागोजागी खरवडलेला. मला वाटलं, मशीनच बिघडली.

"आबा, बगा तरी. जिनिंगमधी तुमी कापसाच्या गाठींवर मारायचात, तसलीच अक्षरं हायत."

"माजी? असली खरूज झालेली?"

"जुनी दिसावीत म्हणून मुद्दाम केलीत. लय चालतंय आता हे."

"अक्षरं कोरलेला पत्रा ठेवून तीस वर्सं ब्रश मारला मी. इंग्रजी वाचता येत न्हवतं, पण एका अक्षराला रंग कमी पडू दिला न्हाई. लोक म्हणतील, भुजंगाचा हात असा होता."

"लोकांना काय म्हाईत, आबा?"

"मला म्हाईत हाय की."

"ताई, छापू का? मागं मावशी खोळंबल्यात."

"थांबा हो दादा. आबा, भरीव अक्षरं काढली तर ती जुनी कधी दिसायची?"

"दुकान चालू दे तुझं. दहा वर्सांत ऊन खातंय रंग. फुकटात."

"पण हात थरथरायलाय तुमचा."

"कोरलेला पत्रा धरायला तू हायस ना?"

"मंग फ्लेक्स ऱ्हाऊ द्या, दादा. पाटीला पत्रा कुठं मिळंल?"

"मोंढ्यात," मीच बोलले. "जाड बघून घे गं. म्हातारा दाबून ब्रश मारणार."