टेकडी परदेशात गेली

(युक्रेनच्या पूर्व टोकाचं वेर्बिव्का गाव. १९९३, ईस्टरनंतरच्या रविवारची सकाळ. कोरड्या ओहोळाकडे उतरणाऱ्या पायवाटेवर एक आडवा दांडा. अलीकडे टोपली घेऊन ओदार्का, वय सदुसष्ट. दांड्याशी तिचा मुलगा युखिम, सीमेवरचा शिपाई.)

ओदार्का: उचल म्हणते ना दांडा.

युखिम: आई, किती वेळा सांगू? ही वाट बंद झाली.

ओदार्का: विहीर आटते, चूल विझते, माणूस मरतं. वाट कशी बंद होते रे? ती काय, आहे तिथंच आहे. ओहोळ उतरायचा, चढण चढायची, की आली टेकडी. टेकडीवर तुझा बाप. मी काय मॉस्कोला निघालेय?

युखिम: ओहोळाच्या पलीकडं रशिया आहे.

ओदार्का: ओहोळाच्या पलीकडं झारेच्ये आहे. तुझी मेलान्का मावशी नांदते तिथं.

युखिम: झारेच्ये रशियात आहे.

ओदार्का: कधीपासून?

युखिम: पहिल्यापासूनच. फक्त तेव्हा कोणी विचारत नव्हतं.

ओदार्का: मग आताच कुणाला खाज सुटली विचारायची?

युखिम: आता आपला देश झालाय, आई. देशाला कड लागते.

ओदार्का: रुमालाला लागते तशी?

युखिम: तशीच समज.

ओदार्का: मी जन्मभर रुमालांना कडा घातल्यात. कापड हातात धरून, उलटंपालटं करून बघते, मग सुई घालते. दोन्ही गावांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं एकाच टेकडीवर पुरली. ती टेकडी बाहेर ठेवून कड घातली कुणी? त्याला म्हणावं, उसव आणि परत घाल.

युखिम: सांगतो कॅप्टनला.

ओदार्का: दात काढू नकोस. आज प्रोवोदी. आज सगळं जग आपापल्या माणसांच्या थडग्यावर बसून जेवतं. तुझ्या बापानं काय करायचं? शेजारच्यांचं तोंड बघत बसायचं? म्हणतील, पानासची बायको पार विसरली त्याला.

युखिम: मोठ्या रस्त्यावरच्या नाक्यावरून जा ना. पासपोर्ट दाखवला की सोडतात.

ओदार्का: नाक्यापर्यंत काय उडत जाऊ? बसला डिझेल नाही. त्या बसमध्ये ड्रायव्हरनं कोंबड्या पाळल्यात. काल खिडकीतून कोंबडा बघत होता माझ्याकडं, तिकीट विचारल्यासारखा.

युखिम: मला माहीत आहे गं.

ओदार्का: आणि थांब. हा निळा रंग कुठला?

युखिम: कुठला म्हणजे? दांड्याचा आहे.

ओदार्का: युखिम.

युखिम: वरून नुसता दांडा आला, आई. झेंड्याचे रंग तुमचे तुम्ही बघा म्हणाले. पिवळा ट्रॅक्टरच्या शेडमध्ये सापडला.

ओदार्का: आणि निळा माझ्या माळ्यावर. तरी म्हटलं डबा हलका का लागतोय. खिडक्यांच्या झडपांसाठी जपून ठेवला होता मी तो. सणाला झडपा तशाच राहिल्या पोपडे सुटलेल्या. म्हणजे माझ्याच रंगानं मला अडवतोस तू!

युखिम: टोपीवरचा आपल्या देशाचा त्रिशूळही तूच शिवलास. तेव्हा टोपी हातात घेऊन दारोदार फिरलीस, माझा युखिम आता आपल्या सैन्यात म्हणून.

ओदार्का: फिरले. अजून फिरेन. वेगळ्या देशासाठी मत द्यायचं होतं तेव्हाही गेले, गुडघाभर बर्फातून. शेजारच्या त्या आळशी फेक्लाला अंथरुणातून ओढून नेलं. ‘हो’वर अशी खूण केली, की कागद फाटायचा राहिला. पण त्या कागदावर टेकडीचं काही लिहिलेलं नव्हतं. तेवढं वाचता येतं मला.

युखिम: नव्हतंच लिहिलेलं.

ओदार्का: तिथं माझंही नाव आहे. दगड एकच, आम्हा दोघांचा. डावीकडं तुझा बाप, उजवीकडं मी. नाव कोरलंय, जन्माचं साल कोरलंय, पुढं कोरं ठेवलंय. मी अजून जिवंत आणि माझं नाव परदेशात जाऊन बसलं! ती बघ, ती बघ!

युखिम: काय?

ओदार्का: फेक्लाची गाय. चालली पलीकडं. थांबव तिला! विचार तिला पासपोर्ट!

युखिम: संध्याकाळी येते ती परत.

ओदार्का: मी काय तिथं राहायला चाललेय? मीही येईन संध्याकाळी परत. दूधही देणार नाही कुणाला पलीकडं.

युखिम: आई, हळू बोल. हे बघ, ऐक माझं. कॅप्टन दुपारनंतर येणार. आता इथं चिटपाखरू नाही. दांडा मी उचलत नाही, उचलायचा नाही असा हुकूम आहे. पण मी तिकडं तोंड करतो, एक सिगारेट ओढतो. तू बाजूनं जा. कुंपण थोडंच आहे? नुसता दांडाच तर आहे.

ओदार्का: काय म्हणालास?

युखिम: मी पाठ फिरवतो. तू जा.

ओदार्का: पाठ फिरवतोस.

युखिम: असं काय बघतेस? जा ना. वेळ जातोय.

ओदार्का: टोपली धर जरा. धर म्हणते. बसू दे मला.

युखिम: बस, बस इथं. काय झालं? पाणी देऊ?

ओदार्का: नको. इथंच उभा होता तो. कदाचित चार पावलं खाली, त्या विलोच्या झाडापाशी. तेव्हा विलो लहान होता.

युखिम: कोण उभा होता?

ओदार्का: शिपाई. त्या भुकेच्या वर्षी. मी सात वर्षांची. सरकारनं घरातलं धान्य दाण्यापर्यंत झाडून नेलेलं. पलीकडं, झारेच्येत, अजून भाकरी मिळत होती. आईच्या गळ्यात लग्नातली पोवळ्यांची माळ होती, ती देऊन भाकरी आणायची होती. आणि ह्या वाटेवर पहारा. इकडच्यांना तिकडं जाऊ द्यायचं नाही, असा वरून हुकूम. मरायचं तर आपल्या बाजूला मरा.

युखिम: हे तू कधी बोलली नाहीस.

ओदार्का: कुणाशी बोलणार? तू गळ्यात पक्षाचा लाल रुमाल बांधून शाळेत जायचास. बाई विचारायच्या आणि तू सगळं सांगायचास, काल रात्री घरात काय शिजलं तेसुद्धा.

युखिम: मग? त्या शिपायानं काय केलं?

ओदार्का: पोरगंच ते. मिसरूडही नव्हती फुटली. आईकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं. सुजले होते. मग पाठ केली आमच्याकडं आणि लघवीला उभं राहिल्यासारखा झाडाशी उभा राहिला. आम्ही उतरलो ओहोळात.

युखिम: भाकरी मिळाली?

ओदार्का: मिळाली. आईनं मला भरवली. ती गेली त्याच वसंतात. बागेमागच्या खड्ड्यात आहे, गावातल्या बाकीच्यांबरोबर.

युखिम: म्हणजे त्या शिपायामुळं तू आहेस. आणि मीही. मग झालं तर! मीही तेच करतो.

ओदार्का: नाही! तेच नको करूस.

युखिम: का नको?

ओदार्का: तो त्यांचा होता, मॉस्कोवाल्यांचा. राज्य त्यांचं, हुकूम त्यांचा. त्यानं मोडला, देव त्याचं भलं करो. तू कुणाचा हुकूम मोडतोस? देश कुणी मागितला होता? मी. खूण कुणी केली? मी. म्हणजे अडवलं कुणी मला? हे सगळं गुंतलं बघ डोक्यात. लोकरीचा गुंडा मांजरानं घेतल्यासारखं.

युखिम: गुंतलंय खरं. आम्हालाही कोणी नीट सोडवून सांगत नाही. शपथ घे म्हणाले, घेतली. दांडा घाल म्हणाले, घातला.

ओदार्का: मला एवढंच कळतं. एकदा ह्या वाटेनं चोरासारखी गेले, भाकरीसाठी. आता माझ्या देशातून, माझ्या लग्नाच्या नवऱ्याकडं, चोरासारखी जायची नाही मी. आणि माझ्या पोरानं माझ्यासमोर पाठ करून उभं राहायचं नाही.

युखिम: बरं. मग उचलतो दांडा. कॅप्टनला काय सांगायचं ते बघतो.

ओदार्का: उचलशील कसा? हुकूम आहे ना उचलायचा नाही असा?

युखिम: आई! उचलू नको, वळू नको, मग मी करू तरी काय?

ओदार्का: मला काय ठाऊक! मी काय मंत्री आहे?

देम्यान: मावशी! ए मावशी! ख्रिस्त उठला!

ओदार्का: खरंच उठला, बाळा! कोण, देम्यान? मेलान्काचा देम्यान? अगोबाई, हा पण टोपी घालून आला!

युखिम: देम्यान, ओहोळातच थांब. अलीकडं पाय टाकलास तर तुला लिहून घ्यावं लागेल.

देम्यान: घे की. माझं नाव तुला येतं. एकाच बाकावर बसायचो आपण. मावशी, मला आमच्या बाजूनं नेमलंय बरं का. तिकडून कोणी आलं तर लिहून ठेव म्हणालेत. वही दिलीय, पेन्सिल यायचीय.

ओदार्का: आणि तुमचा दांडा कुठाय?

देम्यान: आमचा अजून आला नाही. सध्या आम्ही युखिमचाच वापरतो.

ओदार्का: बघ! ह्यांचा देश एवढा मोठा, आणि दांडा माझ्या रंगातला!

देम्यान: मावशी, आई टेकडीवर पंगत मांडून बसलीय. म्हणाली, ओदार्काशिवाय घास घ्यायचा नाही. पोरं केव्हाची अंड्यांकडं बघतायत. आणि काकांचा दगड मी सकाळीच घासून काढला. तुझ्या नावात शेवाळ भरलं होतं, तेही खरवडलं.

ओदार्का: पुढच्या कोऱ्या जागेत?

देम्यान: तिथंही. लखलखीत केलंय.

ओदार्का: एवढी घाई नको करूस रे. युखिम, माणूस जाऊ शकत नाही. टोपली जाऊ शकते का?

युखिम: टोपलीचं काही सांगितलेलं नाही.

ओदार्का: मग तपास.

युखिम: आई, राहू दे.

ओदार्का: तपास म्हणते! सरळ उभा राहा. टोपी नीट कर. लोकांची तपासतोस ना? मग माझी काय देवळातून आलीय?

युखिम: आलीय ना देवळातूनच. पाद्रीबाबांनी आत्ताच पाणी शिंपडलंय तिच्यावर.

ओदार्का: तरी तपास.

युखिम: बरं. गोड पाव, एक. लाल अंडी. मांसाची थंड वडी, फडक्यात. मीठ. ही बाटली कसली?

ओदार्का: तुला माहीत आहे कसली.

युखिम: घरची?

ओदार्का: मग काय दुकानची? तुझा बाप दुकानची थुंकून टाकायचा.

युखिम: घरची दारू पलीकडं नेता येत नाही, आई. हे मात्र लिहिलेलं आहे.

ओदार्का: लिहिलेलं आहे?

युखिम: आहे.

ओदार्का: मग काढून घे. आणि पिऊ नकोस. तुझ्या बापाची आहे ती.

देम्यान: युखिम, अरे, एक बाटली! मेलेल्या माणसाची!

ओदार्का: तू गप रे, परदेशी माणसा. आमच्या नियमात बोलू नकोस. ही घे टोपली. दांड्यावरून दे, युखिम. हं. देम्यान, ऐक नीट. अंडं नुसतं ठेवू नकोस. डोक्याकडून पायाकडं गडगडव, मग फोड. पावाचा कडेचा तुकडा दे त्याला, मधला नको, मधला त्याच्या दातात अडकायचा. आणि सांग त्याला.

देम्यान: काय सांगू?

ओदार्का: सांग, ओदार्का आली होती. दांड्यापर्यंत आली होती. पुढचं मला सुचत नाही, पुढचं मेलान्का सांगेल. जा. पोरं उपाशी आहेत.

देम्यान: जातो, मावशी. गाय दिसली तर हाकलू का इकडं?

युखिम: गायीला राहू दे.

ओदार्का: गेला. किती सुकलाय पोरगा. टेकडीवरचं दिसतं तरी का रे इथून? तो पांढरा ठिपका मेलान्काचा रुमाल ना?

युखिम: हात हलवतेय बघ.

ओदार्का: मीही हलवते. दिसलं असेल तिला?

युखिम: दिसलं असेल.

ओदार्का: युखिम.

युखिम: काय?

ओदार्का: मी मेले की कुठं नेशील मला?

युखिम: सणासुदीला काय बोलतेस!

ओदार्का: आजच बोलायचं हे. आई इकडं, खड्ड्यात, नावाशिवाय. नवरा तिकडं, दगडाखाली. दोन्हीकडं माझी जागा आहे आणि मधे तू उभा. सांग.

युखिम: तू सांगशील तिथं नेईन.

ओदार्का: आईजवळ तू एक क्रूस रोव, नीट, रंगवलेला. नाव घाल तिचं. पण मला टेकडीवर ने. नाव कोरून झालंय, अर्धवट राहायला नको.

युखिम: तेव्हा काय नियम असेल कुणास ठाऊक.

ओदार्का: जो असेल तो. तो शीक आधी. मोठ्या नाक्यावरून ने, सरळ रस्त्यानं. बसमधून ने, कोंबड्या उतरवा म्हणावं. आणि तेव्हा तूच पहाऱ्यावर असलास तर पेटी उघडायला लाव.

युखिम: आई!

ओदार्का: लाव म्हणते. पासपोर्ट माझ्या एप्रनच्या खिशात असेल. फोटो बघ, तोंड बघ, जुळतंय का बघ. जुळलं तर उचल दांडा.

युखिम: बरं.

ओदार्का: पाठ मात्र फिरवू नकोस.