उताऱ्याखालचा पाचवा प्रश्न

—नाही नाही, बसत नाही बाई, दोनच मिनिटं—बरं, बसते, पण दाराकडे तोंड करून, कारण सासूबाई कुठल्याही क्षणी येतील आणि त्या यायच्या आत मला तुमच्याकडून एवढंच हवंय—त्यांनी विचारलं ना, माझ्या सेझिमच्या गृहपाठाच्या कागदावर प्रश्न किती दिले होते, तर म्हणायचं पाच. चार नाही, पाच. हो, माहितेय मला, दुसरीच्या मुलांना तुम्ही उताऱ्याखाली चारच देता, कोण, कुठे, कधी, शेवटी काय झालं—भिंतीवर टांगलेलेच आहेत की. पण ऐकून तर घ्या.

पोरीला वाचलेलं समजत नाही ही माझीच काळजी होती, कबूल. हिवाळाभर मी घड्याळ लावून तिला वाचायला लावलं—मिनिटाला बासष्ट शब्द, शेजारणीच्या पोरीचे चोपन्न, मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. मग विचारलं, "काय झालं गं गोष्टीत?" तर म्हणते, "शब्द संपले." पुढे तो लांडग्याचा धडा. "लांडग्यानं करडू का खाल्लं?" "बांधलं नव्हतं." "अगं, पण लेखकाला सांगायचंय काय?" "की बांधायचं." दोन वर्षं अध्यापन महाविद्यालयात काढलेली बाई मी, आणि मला पुढचा प्रश्न सुचेना! हसा, हसा. त्यात तुम्ही सांगितलंत, घरातल्या मोठ्यांकडून गोष्ट ऐका, त्यांनाच प्रश्न विचारा, उत्तरं लिहून आणा—उत्तम. फक्त त्या रविवारी आमच्याकडे गोष्ट सांगायला आली ती बुरुलला मागणी घालायला आलेली माणसं.

बुरुल, माझी नणंद हो—तुमच्याच हाताखाली शिकली, गणितात कच्ची, पण पोरगी सोन्यासारखी. मुलाची मावशी, मुलाचे चुलते, आणि दोघांच्या मध्ये डुलांची डबी—एकदा डूल कानात गेले की संपलं, मग माघार नाही. मी आपली नेहमीच्या जागी, समोवारपाशी, डोक्याला रुमाल, अर्धी अर्धी वाटी चहा ओतत. सुनेनं ओतायचं, बोलायचं नाही. आठ वर्षं झाली, सवय आहे—तोंड बंद असलं ना, की कान फार छान होतात. मावशी सांगतेय, मुलगा तिकडे रशियात, नोवोसिबिर्स्कला, बांधकामावर मुकादम, पण अगदी एकटा जीव, सकाळचं अंडंसुद्धा स्वतः उकडून खातो. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी—अंड्यापायी. मग तळलेल्या बोरसोकांची दुसरी परात आली, मावशी खुलली, घराचं वर्णन सुरू—स्वयंपाकघर एवढं, खिडक्या तेवढ्या, आणि गॅलरी तर इतकी ऐसपैस की बर्फ पडलं की छोटी सायकलसुद्धा आत राहते. छोटी सायकल, बाई! सगळ्यांनी माना डोलावल्या, वा वा, काय गॅलरी. मी एकटी तिथेच अडकले.

मग काय—मग मी गरम पाणी आणायला उठले. सेझिम कोपऱ्यात कागद मांडीवर घेऊन लिहीत होती. तो मी जाता जाता फक्त पाहिला. बरं, फक्त पाहिला नाही. फडताळावर निळं पेन होतं आणि तुमचं ते उजवीकडे झुकलेलं अक्षर मला येतं—का येतं ते विचारू नका—म्हणजे, गेल्या महिन्यात तिच्या वहीत जे 'शाबास' होतं ना, ते तुमचं नव्हतं, पोर रडत होती हो, काय करणार! तर लिहिलं: पाच, या गोष्टीत एकमेकांशी न जुळणारं काय आहे? आणि तिच्या कानात म्हटलं, "मोठ्यानं विचार हं, पाहुण्यांना जरा कमी ऐकू येतं." एवढंच. सायकल मी लिहिली नव्हती, शप्पथ! ती उठली, कागद दोन्ही हातांत धरून, तुम्ही शिकवलंय तशी. चार प्रश्न झाले, चुलत्यांना मजा वाटत होती, "हुशार आहे हो पोर!"—आणि पाचव्याला ती थांबली, वर बघितलं, मावशीला म्हणाली, "आजी, आधी तुम्ही म्हणालात तो अगदी एकटा राहतो. मग छोटी सायकल कुणाची?"

चुलते म्हणाले, "पुतण्याची." मावशी त्याच दमात म्हणाली, "शेजाऱ्यांची." आणि माझी बाय पेन्सिलीचं टोक चाटून विचारतेय—"दोन उत्तरं आली. कुठलं लिहू?"

बासष्ट शब्द गेले चुलीत, बाई. माझ्या मुलीला समजतं! किटली हातात घेऊन मी तिथेच रडले असते. सासूबाईंनी डबी मिटली, म्हणाल्या, शाळेच्या बाईंचा प्रश्न आहे, उत्तर येईपर्यंत माझ्या पोरीचा कान रिकामा राहील. तुमचं नाव निघालं की त्या घरातसुद्धा उठून उभ्या राहतात. पण आता ती मावशी रोज फोन करतेय. सायकल कधी पुतण्याची, कधी घराबरोबर आलेली, आणि काल म्हणाली, कुठल्या शाळेत असले प्रश्न विचारतात, हे तुमच्या सुनेचं काम, तिला नणंदेचं बरं बघवत नाही. म्हणून सासूबाई येताहेत. प्रश्न तुमचा ठरला तर मुलाकडच्यांना उत्तर द्यावं लागेल. माझा ठरला तर या रविवारी डूल कानात. आणि बुरुल—काल धार काढताना म्हणाली, "वहिनी, मलाही विचारायचंय, पण मला कोण विचारू देणार?"

माझा यात काय फायदा, म्हणाल. काही नाही. म्हणजे—माझ्या वेळी माहेरी अशाच सतरंजीवर सांगितलं होतं, मुलगा शहरात राहतो. या खिडकीतून बघा बरं, दिसतंय शहर? मला गाढव दिसतंय. माणूस चांगला आहे हो माझा, तक्रार नाही, सेझिम मिळाली मला! पण उताऱ्यावरच्या प्रश्नांत जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी मी, आणि सबंध बैठकभर खाली मान घालून सतरंजीची फुलं मोजत होते. जाऊ द्या, हे कशाला सांगतेय मी तुम्हाला.

नाही म्हणताय? खोटं बोलवत नाही, होय? मग कोण सांगणार, मी? काय बोलता! आठ वर्षांत सासूबाईंनी मला "चहा झाला का" याच्यापुढे एक प्रश्न विचारला नाही, आणि मी आपली उठून—

या सासूबाई. या, इथं बसा. मी... सेझिमची टोपी राहिली होती, ती न्यायला. हो, तोच कागद. हो, पाच आहेत. अं? बाईंना नाही—मला विचारताय?

माझं. अक्षर माझं आहे. पाचवा प्रश्न मी घातला. आणि सासूबाई, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.