नावाआधीचे आठ महिने

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे चेअरमन माननीय अमरसिंह सरनोबतसाहेब, व्यासपीठावरच्या प्राचार्या संयोगिताताई, माझ्या विभागातले सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि कोडोलीहून पहिल्या एसटीनं आलेल्या, तिसऱ्या रांगेत बसलेल्या अंबूबाई पोवार, आपणा सर्वांना या निवृत्त मास्तराचा नमस्कार.

तेहतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. आज शाल मिळाली, फेटा बांधला. तो सारखा डोळ्यावर येतोय, पण असू दे. मानपत्रात माझा विद्यार्थी विश्वजित यानं लिहिलंय, ‘सशस्त्र बंडखोर गट कोणाला म्हणावं, याची देशाला व्याख्या देणारे प्राध्यापक आकाराम चौगुले.’ देशाला वगैरे काही नाही हो. दिल्लीत पाच जणांची समिती होती, त्यातला मी एक. पण व्याख्या माझी होती, हे खरं. म्हणूनच ते वाक्य वाचलं गेलं तेव्हा मला खुर्चीत बसवेना.

व्याख्या सोपी होती. हातात शस्त्र हवं, नेता हवा, सरकारकडे राजकीय मागणी हवी आणि गटानं स्वतःचं नाव जाहीर केलेलं हवं. नावाचा आग्रह माझा. का धरला? जिथं बंडाळी चालली होती, त्या डोंगराळ मुलखात मी फिरलो होतो. रानडुकरांपासून पीक राखायला तिथं घरोघरी ठासणीची बंदूक. नावाची अट नसती, तर त्यातल्या कुणालाही उचलून बंडखोर ठरवायला कितीसा वेळ लागला असता? ती अट मला आजही बरोबर वाटते. माझी अडचण तीच आहे.

अंबूबाईंचा मुलगा ज्ञानू केंद्रीय दलात जवान होता. त्याच मुलखात गस्तीवर असताना अकरा जणांनी त्याला गोळ्या घालून मारलं. आठ महिन्यांनी त्या अकरा जणांनी पत्रक काढलं, नाव घेतलं, मागण्या मांडल्या. आमच्या समितीच्या तक्त्यात पत्रकाच्या तारखेपासून ते बंडखोर झाले. त्याआधी कोण? लाकूडचोर. मग ज्ञानूच्या नावापुढे ‘अज्ञात गुन्हेगारांकडून हत्या’ असं लागलं आणि बंडखोरांशी लढताना कामी आलेल्यांच्या यादीतून तो वगळला गेला. त्या कागदावर माझी सही आहे.

गेल्या महिन्यात अंबूबाई मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी आल्या. पायरीवरच बसल्या, चहालासुद्धा नको म्हणाल्या. मी त्यांना नावाची अट समजावून सांगायला लागलो. हसू नका, मास्तराला दुसरं काय येतं? त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“सर, तुमचं नियम मला कळत न्हाईत. मानसं तीच हुती का दुसरी, एवढंच सांगा की.”

“तीच होती,” मी म्हणालो.

“तुमास्नी कवापास्नं ठावं हाय?”

पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या अकरांतल्या पकडलेल्या एकाचा तसा जबाब फायलीत होता. मी तो वाचला होता, खाली पेन्सिलीनं रेघही मारली होती. पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून लिहिला नाही. खाली एका ओळीची टीप टाकता आली असती. तिनं निकाल बदलला असता का, मला माहीत नाही. ओळ मात्र खरी होती.

त्या म्हणाल्या, “तीन वरसं गावात ऐकून घेतलं मी, पोवाराच्या पोराला चोरानं मारलं म्हणून. ते कुनापायी?”

लाज वाटते.

ती टीप लिहून मी दिल्लीला पाठवली. समिती बरखास्त झाली आहे, कागद स्वीकारता येत नाही, असं परवा उत्तर आलं. म्हणून इथं वाचतो. चेअरमनसाहेब, आजच्या इतिवृत्तात ती घ्यावी, ही विनंती.

‘ज्ञानू बाबू पोवार, राहणार कोडोली, याला मारणारे अकरा जण आणि आठ महिन्यांनी नाव घेऊन पुढे आलेले अकरा जण एकच होते. समितीला हे माहीत होतं. सदस्य, आकाराम चौगुले.’

आपण माझा एवढा मान केलात, शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं.

अंबूबाई, तुम्ही घालू नका.